आपले बाड, आपल्या हाती

गेल्या श्रावणातील गोष्ट. नववीच्या वर्गात निबंधाच्या वह्या परत देत असता एका विद्यार्थिनीने मला विचारले, "बाई, जे हवे ते फोनमध्ये सापडते, मग टिपणे काढून ठेवण्याचे श्रम कशाला?" वर्गात हशा पिकला. मीही हसले. तास संपला, घंटा झाली, परंतु तो प्रश्न काही मनातून गेला नाही. त्या दिवशी त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. ते आज वार्षिकांकाच्या निमित्ताने देत आहे. थोडे लांबले तर विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या पालकांनी क्षमा करावी.

माझे मत आरंभीच सांगून टाकते. फोनमध्ये सापडणे आणि आपल्यापाशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आहे म्हणून आपल्या घरी माठ भरून ठेवू नये, असे कोणी म्हणत नाही. जे आपण ऐकले, वाचले, विचार करून जुळवले, ते आपल्या हाताने लिहिलेले आणि आपल्या ताब्यात असलेले असे एक स्थान प्रत्येकाला हवे. ते स्थान कागदाचे असो वा फोनमधील, त्याची मालकी व त्याच्या जतनाची काळजी आपली असली पाहिजे.

आपल्या पूर्वजांपाशी असे स्थान होते. त्यास ते 'बाड' म्हणत. आवडलेले अभंग, पदे, औषधांची माहिती, हिशेब, वंशावळी, जे जे जपण्याजोगे वाटे ते ते त्यात उतरून घेतलेले असे. रामदासी मठांतून आणि कीर्तनकारांच्या घरांतून अशी शेकडो बाडे निघाली आणि ती होती म्हणून जुने मराठी वाङ्मय आपल्या हाती आले. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली हस्तलिखिते आजही पाहावयास मिळतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद गोळा केले व 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला १८९८ साली निघाला. हे कागद कोणीतरी लिहिले आणि कोणीतरी पेटीत जपले, यावर त्या सर्व खंडांची इमारत उभी आहे.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा सरळ असाव्यात, हे समर्थांनी त्यात सांगितले आहेच. परंतु मला त्यातील एक सूचना फार मोलाची वाटते. ते सांगतात की पानाच्या चारही बाजूंस जागा मोकळी सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. लिहिणाऱ्याने लिहितानाच नाशाचा विचार करावा, हे त्या समासाचे मर्म आहे. ही समासाची कोरी जागा वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आमच्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण घेऊ. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असता देवासला राहावयास आले. गाणे बंद होते, पण कान बंद नव्हते. माळव्यातील बायका गात असलेली लोकगीते त्यांनी ऐकली, गोळा केली आणि त्या धुनांतून पुढे नवे राग उभे केले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांच्या रचना स्वरलिपीसह वाचावयास मिळतात. ऐकणे, टिपून घेणे आणि एका टिपणाचा दुसऱ्याशी संबंध लावणे, या तीन पायऱ्यांनी माणूस ऐकीव गोष्टीचे ज्ञान करतो. यांपैकी तिसरी पायरी साध्या वहीत कठीण जाते. कारण वहीचे पान जिथे शिवले तिथेच राहते.

ही अडचण विद्वानांच्याही ध्यानात आली होती. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'मेमेक्स' नावाच्या एका काल्पनिक मेजाचे वर्णन केले. माणसाने आपली पुस्तके व टिपणे सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपाने त्या मेजात साठवावीत आणि एका टिपणावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा स्वतः आखाव्यात, अशी ती कल्पना होती. मेज प्रत्यक्षात झाले नाही, पण वाटांची कल्पना टिकली. १९९५ च्या मार्च महिन्यात वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला 'विकी' सुरू केला. हवाईयन भाषेत 'विकी' म्हणजे चटकन. होनोलुलूच्या विमानतळावरील बसच्या नावावरून त्यांना हा शब्द सुचला. कोणाही वाचकाने पान तिथल्या तिथे दुरुस्त करावे आणि एका पानातून दुसरे जोडावे, ही त्याची रीत. याच रीतीवर विकिपीडिया उभा राहिला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, झाला.

परंतु विकिपीडिया सर्वांचा. एकट्याने आपल्या घरात ठेवावा असा विकी २००४ च्या सप्टेंबरात जेरेमी रस्टन या इंग्रज प्रोग्रामरने लोकांपुढे ठेवला. त्याचे नाव टिडलीविकी. त्याचे नवल असे की, तो सारा एका फाइलीत मावतो. लिहिण्याची यंत्रणा, शोधण्याची यंत्रणा आणि तुमची सर्व टिपणे, हे एकच पान. ते ब्राउझरमध्ये उघडावे, वाचावे, लिहावे. इंटरनेट नसले तरी अडत नाही. त्यातील प्रत्येक लहान टिपणास 'टिडलर' म्हणतात. इंग्रजी बोलीत हा शब्द ओढ्यातल्या चिमुकल्या मासोळीसाठी आहे. नदीकाठच्या गावात वाढलेल्या माझ्यासारखीला ते नाव ऐकताच आवडले. मोठा मासा एकदम गळाला लागत नाही. लहान मासोळ्या मात्र ओंजळीतही येतात.

या फाइलीशी माझी ओळख २०१० च्या सुमारास, गोव्यात बी. ए. करीत असताना झाली. महाविद्यालयातील संगणकावर ती उत्तम चाले. त्या काळचा फायरफॉक्स ब्राउझर वापरणाऱ्याची अनुमती घेऊन त्या पानाला स्वतःचीच फाइल पुन्हा लिहू देत असे. जतन करा म्हटले की जतन होई. मी इतिहासाची टिपणे त्यात ठेवू लागले. पुढे घरात पहिला स्मार्टफोन आला, तेव्हा मला वाटले, आता आपले बाड खिशात घेऊन हिंडता येईल. या एका समजुतीने माझी मोठी हानी झाली. ती हकीकत सांगण्यापूर्वी त्या आरंभीच्या फोनांचे स्वरूप थोडे सांगते, म्हणजे दोष कोठे होता ते कळेल.

पहिला आयफोन २००७ साली निघाला व अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली. त्यांचा पडदा ३२० बाय ४८० ठिपक्यांचा असे. पहिल्या आयफोनची काम करण्याची स्मृती १२८ मेगाबाइट होती. आजच्या साध्या फोनातही ती याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे दुसरे काही उघडले की ब्राउझरमधील पान स्मृतीतून काढून टाकले जाई व परत गेल्यावर ते नव्याने उघडे. आयफोनवर मजकूर उचलून दुसरीकडे ठेवण्याची सोयसुद्धा २००९ च्या जूनपर्यंत नव्हती. टिडलीविकी तर माउस हाती धरणाऱ्यासाठी रचलेला. टिपण दुरुस्त करण्यास त्यावर दोनदा टिचकी मारावी, अशी त्याची रीत. आणि स्पर्शाच्या पडद्यावर दोनदा टिचकी मारली की दुरुस्तीचा चौकोन उघडण्याऐवजी पानच मोठे होई. टिपणावर माउस आणला की वर दिसणारी बटणे बोटाला दिसतच नसत, कारण बोट पडद्यावर तरंगत ठेवता येत नाही.

याहून दोन अडचणी मोठ्या होत्या. पहिली देवनागरीची. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत आपली अक्षरे नीट दिसत नसत. कोठे चौकोनांची रांग उमटे, कोठे जोडाक्षर फुटे, कोठे पहिली वेलांटी आपल्या अक्षराला सोडून पलीकडे जाऊन बसे. ऑपेरा मिनी या ब्राउझरात अशा लिप्या चित्ररूपाने दाखवण्याची एक युक्ती होती. तिच्यावर अनेकांनी दिवस काढले. पण ते वाचण्यापुरते. लिहावयाचे म्हणजे रोमन अक्षरांचाच आधार घ्यावा लागे.

दुसरी अडचण जतनाची. फोनचा ब्राउझर कोणत्याही पानाला फाइल लिहू देत नसे. या नियमामागे वाजवी कारण आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अनोळखी पानाने तुमच्या फाइलींत हात घालू नये, यासाठी तो पहारा होता. पाहुणा आणि चोर यांत भेद करता येत नसेल, तर द्वारपालाने दोघांनाही अडवावे हे समजण्यासारखे आहे. परंतु याचा परिणाम असा झाला की घराचा धनीसुद्धा दाराबाहेर राहिला. फाइल उघडे, तीत टंकलेखन करता येई, नवे टिपण पडद्यावर दिसे. मूळ फाइलीत मात्र एक अक्षरही जात नसे. दिसत होते ते पाण्यावरच्या रेघेसारखे होते.

आता माझी हकीकत. माझी आजी फोंडे तालुक्यातील. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानची फळे, फुले, वेली बांधतात. तिला माटोळी म्हणतात. तोरिंग, कवंडळ, आंबाडे ही फळे तर बाजारातही मिळतात. परंतु आजीला याखेरीज कितीतरी फळांची नावे, ती कोठे सापडतात, कशावर औषध म्हणून चालतात, हे सारे मुखोद्गत होते. २०११ च्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी परसात तिच्याजवळ बसून एकेक नाव विचारीत गेले आणि फोनमधील त्या फाइलीत लिहीत गेले. देवनागरी उमटत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत लिहिले. सत्तावीस नावे झाली. आजी म्हणाली, "बाये, वहींत बरय गो." मी हसून म्हटले, "आजी, हें वहीपरस बरें."

इतक्यात कोणाचा तरी फोन आला. बोलणे संपवून मी पान पुन्हा उघडले, तो फाइल सकाळी होती तशीच. सत्तावीसपैकी एकही नाव नव्हते. आजीला पुन्हा विचारावयास हवे होते. पण घरात सणाची गडबड, आणि पुढच्या चतुर्थीला विचारू असे मी मनाशी ठरवले. पुढच्या चतुर्थीला आजी नव्हती. मागाहून आठवून मी अकरा नावे कागदावर उतरवली. त्यांतही काही ठिकाणी 'ल' की 'ळ', 'त' की 'ट', याचा निश्चय आता होत नाही. कारण ती नावे मी रोमन अक्षरांत घाईघाईने लिहिली होती आणि डोळ्यांपुढे तीच अक्षरे राहिली. विचारावे कोणाला?

या प्रसंगाचा दोष मी कोणा यंत्रावर किंवा ते करणाऱ्यावर टाकीत नाही. लिहिलेले जतन झाले की नाही हे मी पाहिले नाही. आजीने वही सुचवली, ती मी घेतली नाही. ज्या दिवशी दोन्ही गोष्टी करता येत होत्या, त्या दिवशी मी एकही केली नाही.

पुढे त्या अडचणी हळूहळू दूर झाल्या, हेही सांगितले पाहिजे. हौशी प्रोग्रामरांनी केवळ या फाइलीसाठी लहान लहान ॲप्स लिहिली. अँड्रॉइडवरील अँडटिडविकी हे त्यांपैकी एक. त्यात पान उघडले की जतनही होई. टिडलीविकी पुन्हा नव्याने रचला गेला आणि त्याची पाचवी पिढी २०१४ साली पक्की होऊन बाहेर पडली. ती स्पर्शाच्या पडद्यालाही मानवते. देवनागरी तर आज फोनवर सहज लिहिता येते. परंतु इकडे सोय झाली तो तिकडे अडले. २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सने आपली रचना बदलली व जुन्या पद्धतीची सर्व जोडकामे एकाच वेळी बंद पडली; त्यांत या फाइलीचे जतन करणारे टिडलीफॉक्सही होते. लोकांना पुन्हा नवी वाट शोधावी लागली. तात्पर्य हे की, जतनाचे दार आपल्या इच्छेने उघडत वा मिटत नाही. ते दुसऱ्याच्या हाती असते.

तथापि यातील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दार मिटले तरी कोणाची फाइल गेली नाही. ज्यांच्यापाशी ती होती, त्यांना ती पूर्वीसारखीच उघडता व वाचता आली. मी २०१० साली लिहिलेली इतिहासाची टिपणे आज उदयनगरातील माझ्या मेजावर उघडतात, कारण ती माझ्यापाशी एका साध्या फाइलीच्या रूपात आहेत. उलट, ज्या टिपणांची जागा केवळ कोणा कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते, त्यांचे आयुष्य त्या कंपनीच्या मर्जीइतके. सेवा बंद झाली, परवलीचा शब्द विसरला, की इतक्या वर्षांचे लेखन परके होते.

यावर दोन आक्षेप मला ऐकू येतात. एक माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा: वही आहे ना, मग ही खटपट कशाला? वहीचे मोल मी आजीपाशी शिकले, म्हणून वहीविरुद्ध मी अक्षरही बोलणार नाही. पण वहीत तोरिंगाचे पान औषधांच्या पानाशी जोडता येत नाही, हजार टिपणांतून एक शब्द क्षणात निघत नाही, आणि एका वहीची दुसरी प्रत करण्यास महिना लागतो. दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा: ढगात, म्हणजे क्लाउडमध्ये, सारे आपोआप साठते. साठते खरे, आणि दुसरी प्रत म्हणून ते उपयोगीही आहे. परंतु आमच्या उदयनगरकडे विंध्याच्या उतारावर दोन वळणे घेतली की फोनचा संपर्क तुटतो. ज्याचे सारे ज्ञान संपर्कावर टांगलेले आहे, तो त्या वळणावर निरक्षर होतो. आणि आपोआप साठलेले आपण क्वचितच वाचतो. जुळवण्याचे काम तर कोणतेही यंत्र आपल्याऐवजी केले तरी त्याने आपली बुद्धी वाढत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, माझे सांगणे असे. बाड ठेवा. वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने फोनवर ठेवा, नाहीतर वहीत ठेवा, पण ठेवा. एका टिपणात एकच गोष्ट लिहा. कोणी सांगितली, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, हे खाली नोंदवा. एक टिपण दुसऱ्याशी कसे जुळते याचा विचार करून ते जोडा. देवनागरीतच लिहा, आता तशी सोय आहे आणि आपला 'ळ' आपल्यालाच सांभाळावयाचा आहे. दुसऱ्याच्या घरातील खाजगी गोष्ट मात्र त्याच्या परवानगीवाचून लिहू नका. आणि लिहून झाले की फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहा. जतन झाल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उठू नका.

समर्थांनी पानाभोवती कोरी जागा सोडावयास सांगितली, ती कागदाच्या काळची. फोनच्या काळात त्या जागेचे काम दुसरी प्रत करते. दर रविवारी आपल्या फाइलीची एक प्रत संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. फोन हरवला, फुटला, म्हणजे कड झडली. अक्षराला धक्का लागणार नाही.

काय लिहावे, हा प्रश्न ज्यांना पडेल त्यांना मी हाटाच्या दिवशी बाजारात उभे राहण्यास सांगेन. तेथे मालवी, निमाडी, बारेली, कोरकू अशा कितीतरी बोली कानी पडतात. प्रत्येक बोलीत रानातल्या झाडांची नावे आहेत, पिकांची नावे आहेत, पावसाची नावे आहेत. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग देवास व धार येथे मराठी घराणी आली. त्यांच्या घरांतील आज्यांच्या तोंडी असलेली मराठी पुण्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ती फोनमध्येही सापडणार नाही, कारण ती अद्याप कोणी लिहिलेली नाही. नववीतील माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे. फोनमध्ये तेच सापडते, जे कोणीतरी आधी जपून लिहून ठेवले.

या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ तासभर बसावे आणि वीस शब्द उतरून घ्यावेत, एवढीच माझी विनंती आहे. पुढच्या सुट्टीत विचारू, असे म्हणू नये. मी एकदा तसे म्हटले होते.